रुग्णाबरोबरची पिशवी

रुग्णालयात दाखल होणाऱ्या माणसाबरोबर घरून एक पिशवी जाते. नाशिक शहरात आणि जिल्ह्यात ती कधी वळकटी होती, कधी कापडी थैली, कधी पत्र्याची पेटी. आता बहुधा चेनची बॅग असते. तिच्यात काय भरायचे हे घरातल्या बायकांनी, शेजाऱ्यांनी, आधी दवाखाना पाहून आलेल्या नातेवाइकांनी ठरवायचे, असा रिवाज आहे. हे सामान वरवर घरगुती वाटले, तरी त्यावर रुग्णालयाची छाप असते. तिथे अंथरूण मिळत नसेल तर सतरंजी न्यावी लागते, जेवण मिळत नसेल किंवा मिळालेले चालत नसेल तर डबा. रुग्णालयाने कोणती जबाबदारी स्वतःवर घेतली आणि कोणती कुटुंबावर टाकली, हे या पिशवीवरून कळते. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया हा या इतिहासातला अलीकडचा टप्पा. या टप्प्यावर पिशवीतली सर्वांत जुनी वस्तू, म्हणजे घरचे अन्न, जवळजवळ पूर्णपणे बाहेर राहते.

उपचाराआधी सामान जमवण्याचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला पंधरावा अध्याय, ‘उपकल्पनीय’, याच विषयाला वाहिलेला आहे. वमन किंवा विरेचन देण्याआधी काय काय हाताशी हवे, याची तिथे लांबलचक यादी आहे. घर मजबूत असावे, वारा थेट अंगावर येऊ नये, पण एका बाजूने हवा खेळती असावी. धूर, ऊन आणि धूळ आत येऊ नये. न्हाणीघर, शौचकूप आणि स्वयंपाकघर जवळ असावे. त्यानंतर मनमिळाऊ आणि कामात तरबेज सेवक, गाणारे आणि गोष्टी सांगणारे लोक, दुभती गाय, पाण्याची भांडी, पलंग, आसने, उशा आणि पांघरुणे येतात. इतके सांगून झाल्यावर ग्रंथ एक गोष्ट स्पष्ट करतो. हा सगळा थाट राजाला किंवा धनवानाला परवडणारा आहे. गरिबावर आजाराचा प्रसंग आला, तर त्याने जमेल तेवढ्यावर औषध घ्यावे. सामानाची यादी आणि रुग्णाची ऐपत यांच्यातली दरी इतक्या जुन्या ग्रंथाने मोकळेपणाने मान्य केली, ही त्याची मोठी गोष्ट आहे.

याच सूत्रस्थानात एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल माणसाचे वर्णन येते. अतिस्थूलाची गणना तिथे आठ निंदित शरीरांमध्ये केली आहे. अति भूक, अति तहान, घाम, अशक्तपणा आणि आयुष्याचा ऱ्हास असे दोष सांगून, अतिकृश माणसापेक्षा अतिस्थूलावर उपचार करणे अवघड असते, असे निदानही दिले आहे. ते निरीक्षण आजच्या वैद्यकालाही पटण्यासारखे आहे. ‘निंदित’ हा शिक्का मात्र समाजाने गरजेपेक्षा फार काळ जपला. रुग्णालयात जाताना जाड माणसाच्या मनावर जे ओझे असते, त्यातले बरेचसे त्या शिक्क्याचे असते.

मराठी घरांत ‘सामान बांधून तयार ठेवण्याची’ खरी परंपरा आजारपणाची नव्हती, बाळंतपणाची होती. पहिले बाळंतपण माहेरी आणि बाळंतिणीच्या खोलीत. जुन्या लुगड्यांची धुऊन मऊ झालेली दुपटी, टोपडी, कुंच्या आणि अंगडी आधीच शिवून ठेवत. बाळंतविड्यात कपड्यांबरोबर शेपा, ओवा, डिंक आणि हळीव असत. विसाव्या शतकात बाळंतपण हळूहळू घरातून सूतिकागृहात गेले आणि हेच गाठोडे दवाखान्यात पोहोचले. काय लागेल, कितव्या दिवशी लागेल, कोणाच्या हाती द्यायचे, हा हिशेब बायकांच्या अंगवळणी पडलेला होता. पुढे इतर आजारांसाठी पिशवी भरताना तोच कामी आला. एरवी आजारी माणूस घरातच झोपे आणि वैद्य घरी येई; त्यामुळे रुग्णासाठी सामान बांधण्याचा प्रश्न फारसा येत नसे.

इंग्रजी अमलात नाशिकला सरकारी दवाखाना आला, पण तिथे रात्र काढायला लोक सहजासहजी तयार होत नसत. रुग्णालय म्हणजे मरायची जागा, ही समजूत एक कारण. दुसरे कारण पाणी आणि अन्न कोणाच्या हातचे, हे होते. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग दिसला, १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला आणि रुग्णालयात जाणे ही सक्तीची गोष्ट बनली. पुण्यात आणि मुंबईत जातीजातींनी स्वतःची प्लेग रुग्णालये उभारली, ती याच भीतीपोटी. रुग्णाला उचलून नेत, तेव्हा त्याच्याबरोबर सामान जाणे तर दूरच. घरात मागे राहिलेले कपडे आणि अंथरूणसुद्धा जाळत किंवा जंतुनाशकात बुडवून काढत. घरातली गोधडी डोळ्यांदेखत पेटवली जाणे हा त्या पिढीचा रुग्णालयाशी पहिला परिचय होता.

नाशिक जिल्ह्यातले एक उदाहरण चरित्रग्रंथांतून परिचित आहे. भगूरच्या सावरकर कुटुंबात १८९९ साली वडील दामोदरपंत प्लेगने गेले. धाकटा मुलगा नारायण आजारी पडला, तेव्हा त्याला नाशिकच्या प्लेग रुग्णालयात ठेवावे लागले. थोरले गणेश, म्हणजे बाबाराव, त्याच्या सोबतीला राहिले आणि त्यांनाही प्लेग झाला. दोघेही वाचले. रुग्णाबरोबर घरचे कोणीतरी राहिलेच पाहिजे, हा आग्रह संसर्गाच्या भीतीपुढेही टिकला, हे यातून दिसते. या सोबत्याचे सामान रुग्णाच्या सामानाइतकेच महत्त्वाचे ठरले आणि आजही पिशवीचा निम्मा भाग त्याचाच असतो.

विसाव्या शतकाच्या मध्यावर सरकारी रुग्णालयासाठी ‘सिव्हिल’ हा शब्द जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत रूढ झाला. सिन्नर, निफाड, पेठ, सुरगाणा इथून एसटीने किंवा बैलगाडीने येणारा रुग्ण वळकटीसह येई. सतरंजी, चादर, उशी, जुनी धोतरे किंवा लुगडी, ताट-वाटी आणि तांब्या-भांडे हे तिच्यातले मुख्य सामान. तांब्या-पितळेची भांडी ही तर नाशिकचीच ख्याती. १८८३ साली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमध्ये जिल्ह्याच्या खंडात या धंद्याची दखल आहे आणि गोदाकाठचा भांडी बाजार अजून त्या नावाने ओळखला जातो. लग्नात आलेल्या भांड्यांवर नाव कोरून घेण्याची पद्धत वॉर्डात फार उपयोगी पडे, कारण एकाच मोरीवर दहा घरची भांडी घासली जात. वॉर्डात जेवण मिळत असले, तरी ‘घरचा घास’ आल्याशिवाय रुग्णाची काळजी घेतली असे कोणी मानत नसे. मुगाचे कढण, भाताची पेज, वरणाचे पाणी, मऊ भात असा क्रम ठरलेला असे. शहरात ज्याचे कोणी नातेवाईक नसत, त्याचा डबा गावचा एखादा ओळखीचा माणूस पोहोचवी. आदिवासी पाड्यांवरून आलेल्या कुटुंबांना तीही सोय नव्हती. ती आवारातल्या झाडाखाली तीन दगडांची चूल मांडत.

उशीखाली ठेवायच्या वस्तूही ठरलेल्या होत्या. वणीच्या सप्तशृंगीचे कुंकू, शिर्डीची उदी, त्र्यंबकेश्वराचा अंगारा. पुरुषाच्या सामानात तंबाखू-चुन्याची डबी आणि बाईच्या सामानात मिश्रीची पुडी सर्रास असे. डॉक्टर रागावले तरी ती लपवून आत जाईच.

जिल्ह्यात न होणाऱ्या उपचारांसाठी मुंबई गाठावी लागे. जे. जे. १८४५ पासून, के. ई. एम. १९२६ पासून आणि टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून रुग्ण घेत होते. मुंबईला नेण्याचे सामान वेगळे होते. तिथे किती दिवस राहावे लागेल याचा भरवसा नसल्यामुळे स्टोव्ह, तांदूळ-डाळ, तिखट-मीठ आणि पिठाचा डबा बरोबर असे. रुग्ण वॉर्डात आणि नातेवाईक फुटपाथवर, ही दैना गाडगे महाराजांनी ओळखली. त्यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या धर्मशाळांमुळे मुंबईत दूरगावच्या रुग्णांना आणि त्यांच्या माणसांना डोके टेकायला जागा मिळाली. दादरच्या धर्मशाळेत आजही कर्करोगाचे रुग्ण उतरतात. रुग्णालयांच्या इतिहासात इमारती आणि शल्यविशारद यांच्यावर पानेच्या पाने लिहिली जातात. रुग्णाच्या माणसाने भात कुठे शिजवायचा, हा प्रश्न ज्याने सोडवला त्यालाही तिथे ठळक जागा हवी.

नाशिकजवळ एक अगदी वेगळी परंपराही होती. देवळालीची कोरडी हवा मानवते म्हणून लष्कराने तिथे तळ केला, आणि मुंबईचे पारशी व गुजराती समाज तिथे आपापली आरोग्यधामे बांधू लागले. तिथे येणारी कुटुंबे सुट्टीवर यावीत तशी येत. महिनाभराचे कपडे, बिछाने, भांडीकुंडी, कधी स्वयंपाकीही बरोबर असे. चरकाच्या यादीतल्या धनवानाच्या थाटाशी जुळणारे असे उदाहरण जिल्ह्यात दुसरे सापडणे कठीण.

पिशवीतली पितळ हटली ती १९६० आणि ७० च्या दशकांत, स्टेनलेस स्टीलमुळे. हलका, कल्हई न लागणारा, पुडांचा डबा आला. जेम्स ड्यूअर यांनी १८९२ साली प्रयोगशाळेसाठी बनवलेली निर्वात बाटली आपल्याकडे ‘थर्मास’ म्हणून पोहोचली आणि दवाखान्याची खूणच बनली. कोणी हातात थर्मास घेऊन बसस्टॉपवर दिसले की ‘कोण ॲडमिट आहे?’ असे विचारायची पद्धत पडली. मोसंबी, नारळपाणी, ग्लुकोज बिस्किटांचा पुडा आणि माल्टचे पेय ही भेटायला येणाऱ्यांची देणगी असे.

पुढे शहर औद्योगिक झाले. सातपूर-अंबडच्या वसाहती वाढल्या, कामगारांसाठी राज्य विम्याचे रुग्णालय आले, आणि शरणपूर रोड, गंगापूर रोड, मुंबई नाका या भागांत खासगी रुग्णालये उभी राहिली. १९९८ साली महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नाशिकला झाले. दहा-वीस खाटांच्या खासगी दवाखान्यांत चादर मिळू लागली, पण स्वयंपाकघर नसे. त्यामुळे वळकटी गेली आणि डबा राहिला. मोठी रुग्णालये आली तशी आहारतज्ज्ञाने ठरवलेले जेवण आले आणि बाहेरच्या डब्याला मनाई झाली.

अन्नाची जागा कागदांनी घेतली. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०१३ च्या नोव्हेंबरात नाशिकसह सर्व राज्याला लागू झाली. २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे. या योजनेमुळे रेशनकार्ड ही दवाखान्यात न्यायची वस्तू बनली. पिवळे किंवा केशरी कार्ड आणि फोटोचे ओळखपत्र घरी राहिले, म्हणून कोणाला तरी रात्रीच्या गाडीने गावी पाठवावे लागे. खासगी विमा असलेल्यांच्या पिशवीत विम्याचे कार्ड, आधीचे अहवाल आणि मंजुरीचे पत्र आले. कोविडच्या दोन वर्षांत सोबत्यालाच आत बंदी झाली. नावाची चिठ्ठी चिकटवलेली पिशवी फाटकावर द्यायची आणि आतल्या माणसाशी फोनवर बोलायचे, अशी वेळ आली. मोबाइलचा चार्जर तेव्हापासून पिशवीत सर्वांत आधी जातो.

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा इतिहासही नाशिकच्या या इतिहासाला येऊन मिळतो. १९५४ साली अमेरिकेत मिनेसोटात क्रेमेन आणि लिनर यांनी लहान आतड्याचा मोठा भाग वगळणारी शस्त्रक्रिया मांडली. १९६०च्या दशकात आयोवात एडवर्ड मेसन यांनी जठराची छोटी पिशवी करून ती आतड्याला जोडण्याची पद्धत आणली. पोट मोठे उघडावे लागे, म्हणून धोका बराच होता. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने तो कमी केला. भारतात दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया तेहमटन उडवाडिया यांनी १९९० साली जे. जे. मध्ये केली, आणि १९९४ साली दुर्बिणीतून जठराचा बायपास करण्याचे काम अमेरिकेत प्रसिद्ध झाले. पुढच्या दशकात ‘स्लीव्ह’ पुढे आली. तीत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून केळ्याच्या आकाराची नळी तेवढी ठेवतात. मुंबई-पुण्यात या शस्त्रक्रिया रूढ झाल्यावर नाशिकच्या खासगी रुग्णालयांतही त्या होऊ लागल्या. २०१७ साली सुमारे ५०० किलो वजनाच्या इमान अहमद या इजिप्तच्या महिलेला मालवाहू विमानाने मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणले, तेव्हा मराठी वृत्तपत्रांनी महिनोन्‌महिने बातम्या दिल्या. त्यामुळे ही शस्त्रक्रिया घरोघर माहीत झाली, पण ती फक्त अचाट वजनासाठीच असते, असा गैरसमजही पसरला.

या शस्त्रक्रियेसाठी भरायची पिशवी आधीच्या सर्व पिशव्यांपेक्षा वेगळी आहे. शस्त्रक्रियेआधी साधारण दोन आठवडे कमी उष्मांकाचा, बराचसा द्रव आहार देतात, म्हणजे यकृताचा आकार कमी होतो आणि दुर्बिणीला वाट मिळते. शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन दिवसांच्या मुक्कामात रुग्ण फक्त पाणी आणि पातळ पेये घोट-घोट घेतो. जठर इतके लहान झालेले असते की एका वेळी सुमारे ३० मिलिलिटर पुरे होते. ताट, वाटी, डबा यांना तिथे कामच नसते. त्यांच्या जागी औषधाच्या बाटलीबरोबर येतो तसा मापाचा छोटा पेला जातो. घरच्यांना हे सर्वांत जड जाते. कढण घेऊन आलेल्या सासूला किंवा बहिणीला परत पाठवणे सोपे नसते, म्हणून अनुभवी आहारतज्ज्ञ भरतीच्या आधीच घरच्यांना बोलावून घेतात. वरणाचे गाळलेले पाणी, पातळ ताक, साखर न घातलेले नारळपाणी हे त्या घरचेच पदार्थ आहेत. ते पुढे घरी गेल्यावर, ठरलेल्या दिवशी आणि ठरलेल्या मापाने द्यायचे, हे त्यांना समजावून सांगतात. प्रथिनांची पावडर कोणती आणि केव्हा, हेही त्याच बैठकीत ठरते.

कपड्यांचा प्रश्न वरवर किरकोळ दिसतो, पण रुग्णाच्या मनाला तो सर्वांत जवळचा असतो. रुग्णालयाचा गाऊन अनेकदा अंगाला पुरत नाही, पाठ उघडी राहते, आणि आधीच संकोचलेल्या माणसाला वॉर्डात चालणे नकोसे होते. इथे चालणे तर उपचाराचाच भाग आहे. पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून शस्त्रक्रियेच्या दिवशीच किंवा दुसऱ्या दिवशी रुग्णाला उभे करतात, पायांत घट्ट मोजे घालतात आणि रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शने देतात. म्हणून पुढून उघडणारा सैल सुती गाऊन किंवा सदरा, सैल नाडीचा पायजमा, वाकून बांधायला न लागणारी, न घसरणारी चप्पल आणि अंगाला पुरेल असा मोठा टॉवेल घरूनच न्यावा. आपल्या मापाचे कपडे जवळ असले की माणूस बिनधास्त उठून चालतो.

झोपेत श्वास अडकण्याचा त्रास अनेक रुग्णांना असतो. ज्यांना त्यासाठी सीपॅप यंत्र दिलेले आहे, त्यांनी ते मुखवटा आणि वायरसकट बरोबर नेणे आवश्यक असते, कारण भूल आणि वेदनाशामके यांनंतरची पहिली रात्र श्वासाच्या दृष्टीने नाजूक असते. श्वासाच्या व्यायामाचे तीन गोळ्यांचे यंत्र आधीच घेतलेले असेल तर तेही न्यायचे.

सुरू असलेली सगळी औषधे मूळ पाकिटांतच न्यायची असतात, पण ती डॉक्टरांना दाखवण्यासाठी. मधुमेहाच्या औषधांची गरज शस्त्रक्रियेनंतर झपाट्याने कमी होऊ शकते, त्यामुळे जुन्या मात्रेने गोळी घेतल्यास साखर धोकादायक खाली जाऊ शकते. अंगदुखीच्या नेहमीच्या गोळ्यांपैकी कित्येक नव्या जठरात व्रण करू शकतात, म्हणून त्या पिशवीतून काढून टाकायच्या. तंबाखू आणि मिश्री तर काही आठवडे आधीच सुटलेली असावी लागते. जखम भरणे आणि व्रण टाळणे या दोन्हींसाठी डॉक्टर त्यावर अडून बसतात.

दागिने घरीच ठेवायचे. शस्त्रक्रियेत विजेवर चालणारी उपकरणे वापरतात आणि बोटांना सूज येते, म्हणून अंगठी, जोडवी, चमकी आणि मंगळसूत्र काढावे लागते. मंगळसूत्र उतरवणे कित्येक जणींना जड जाते. वॉर्डातल्या परिचारिका हे जाणून असतात आणि घरच्या माणसाच्या हाती ते सोपवेपर्यंत थांबतात. नखांचा रंगही काढायचा, कारण बोटावर लावलेल्या यंत्राने ऑक्सिजन मोजायचा असतो.

कागदांची जाडी या पिशवीत सर्वांत जास्त. विमा नियामकाने २०१९ साली ठरवलेल्या नियमांनुसार अशा शस्त्रक्रियेचा खर्च मिळण्यासाठी वय किमान १८ आणि बॉडी मास इंडेक्स ४० किंवा अधिक लागतो. गंभीर हृदयविकार, तीव्र निद्राश्वासरोध, आटोक्यात न येणारा मधुमेह यांसारखे आजार असतील तर ३५ पुरतो. त्याआधी इतर उपायांनी वजन उतरले नाही, हेही दाखवावे लागते. आहारतज्ज्ञाच्या जुन्या चिठ्ठ्या, वजनाच्या नोंदी, रक्ताचे आणि निद्राचाचणीचे अहवाल वर्षानुवर्षे जपून ठेवणाऱ्या रुग्णाची मंजुरी लवकर येते. बाकीच्यांची धावपळ होते.

सोबत्याचा वाटा यात वेगळा बांधतात: त्याचे पांघरूण, पाण्याची बाटली, वायर लांब असलेला चार्जर, रात्री लागणारा स्वेटर, आणि त्याचे स्वतःचे जेवण. ते त्याने रुग्णासमोर बसून खाऊ नये, एवढी एक सूचना बहुतेक ठिकाणी देतात. घरी परतताना गाडीच्या पट्ट्याखाली पोटावर धरायला एक छोटी उशी असली, तर नाशिकच्या खड्ड्यांतून टाके दुखत नाहीत.

सुट्टी होताना पिशवीत डिस्चार्ज कार्ड, मूळ बिले, आहाराचा तक्ता आणि पुढच्या औषधांची यादी येते. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या पुढे आयुष्यभर चालू राहतात. रक्ताच्या तपासण्या पहिल्या वर्षी काही महिन्यांच्या अंतराने आणि नंतर दरवर्षी करतात. प्रत्येक तपासणीला हीच फाइल बरोबर न्यायची असते.